दिवाणखान्यातील मुनसफी

चित्रपटगृहात जाऊन, तिकिटाच्या रांगेत तिष्ठत उभे राहून आणि शेजारच्या खुर्चीवरील अपरिचित गृहस्थाशी हात टेकण्याच्या दांडीच्या ताब्याबद्दल तीन तास मूक तंटा करून जो मनुष्य चित्रपट पाहतो, त्याचे त्या चित्रपटाविषयीचे मत आम्ही कधीही प्रमाण मानलेले नाही. कारण ज्या गोष्टीपायी आपण एवढा द्रव्यव्यय केला, ठेवणीतले कपडे घातले आणि परतताना रिक्षावाल्याशी हुज्जत घातली, ती गोष्ट अगदीच टाकाऊ निघाली, असे घरी येऊन कबूल करण्याचे धैर्य सामान्य संसारी माणसाच्या अंगी नसते. घरात सीडी लावून पाहणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याच्या अंगात गंजीफ्रॉक असतो, हाती रिमोट असतो, तबकडी एका दिवसाच्या बोलीने भाड्याने आणलेली किंवा त्याहूनही स्वस्तात, म्हणजे शेजाऱ्याकडून मागून आणलेली असते, आणि म्हणून त्याने दिलेल्या निवाड्यात कोणाचाही मुलाहिजा राखलेला नसतो. दारावरची घंटा, कुकरच्या शिट्ट्या, "उद्या पाणी येणार नाही" ही खालून आलेली वर्दी आणि मध्येच उठून दिवा लावणारे वडीलधारे, या सर्वांना तोंड देऊन जो चित्रपट शेवटापर्यंत टिकतो, तोच आमच्या मते खरा. बाकीचे सारे काळोखाच्या आणि मोठ्या आवाजाच्या आश्रयाने जगतात.

या मुनसफीची सनद मराठी मध्यमवर्गाला प्रथम मिळाली ती व्हीसीडीमुळे. 1993 साली ठरलेल्या तिच्या जाबत्यानुसार पडद्यावरचे चित्र आडवे 352 आणि उभे 288 ठिपक्यांत बसवावे लागे, आणि त्यामुळे नायिकेचा चेहरा जवळून दाखवला तोवर सारे ठीक असले, तरी मोर्चा, जत्रा किंवा लढाई आली की पडद्यावर भिजत घातलेल्या साबुदाण्याचा भास होई. पण खरी गंमत तिच्या मुदतीत होती. एका तबकडीवर सुमारे 74 मिनिटांचा मजकूर मावत असल्याने अडीच तासांच्या चित्रपटाला दोन तबकड्या लागत, आणि मध्यंतर कोठे करावे हा जो अधिकार आजवर दिग्दर्शकाकडे होता, तो अनायासे एका प्लॅस्टिकच्या तुकड्याकडे गेला. नायक न्यायालयात उभा राहून "मायलॉर्ड, त्या रात्री मी..." एवढेच म्हणतो, आणि पडदा निळा पडतो, मग दुसरी तबकडी खोक्यातून काढून, ती पहिलीच आहे असे ध्यानात येऊन, परत घालून, पुन्हा काढून, अखेर योग्य ती यंत्रात जाईपर्यंत त्या रात्री काय घडले असावे याविषयी घरातल्या चार माणसांची चार अनुमाने तयार झालेली असतात, आणि पटकथाकाराचे उत्तर त्या चारांहून बहुधा सामान्य ठरते.

तबकडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे यंत्रातला किरण मध्याजवळून आरंभ करून कडेकडे सरकत जातो, ही माहिती ज्यांना नव्हती त्यांना आपल्या घरच्या चित्रपटांचे शेवटच का अडखळतात याचा उलगडा कधीच झाला नाही. हाताळताना बोटे लागतात ती कडेला. जेवून उठलेल्या मुलाचा तुपकट अंगठा उमटतो तोही कडेलाच. आणि तबकडी पुरती भरलेली असेल तर नेमके तेथेच खलनायकाचे मरण, ताटातूट झालेल्या भावांची भेट आणि आईला दृष्टी परत येणे हे सारे नोंदलेले असते. त्यामुळे आम्ही पाहिलेल्या कित्येक चित्रपटांत न्यायाचा विजय चौकोनी ठिकऱ्यांच्या रूपात झाला. यावर उपाय म्हणून गंजीफ्रॉकच्या टोकाने ती गोल गोल पुसण्याचा जो शिरस्ता घरोघर रूढ झाला, तोही शास्त्राच्या विरुद्धच. कारण पुसायचे ते मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत, असे जाणकार सांगतात. पुढची विसंगती तर फारच रम्य आहे. चकचकीत बाजू नाजूक या समजुतीने मंडळी ती वर ठेवतात आणि छापील बाजू खुशाल टेबलावर घासू देतात. वस्तुतः व्हीसीडीतला सारा मजकूर त्या छापाच्या लगेच खाली एका पातळ थरात वसलेला असतो, आणि चकचकीत बाजूला मात्र एक मिलिमीटरहून जाड प्लॅस्टिकचे चिलखत असते. डीव्हीडीत हा मजकूर दोन थरांच्या मध्ये नेऊन बसवला, यात तिच्या जनकांनी आमच्या घरातील मुलांचा आगाऊ विचार केला होता असे मानण्यास जागा आहे.

डीव्हीडी आली तेव्हा चित्र चौपट सूक्ष्म झाले, आणि त्याबरोबर घरातला कलहही. रुंद पडद्याचा चित्रपट त्याच्या मूळ प्रमाणात दाखवायचा तर जुन्या चौकट घाटाच्या टीव्हीवर वरखाली काळे पट्टे येणारच. परंतु आमच्या मेहुण्यांनी 29 इंची संच घेतला तो संपूर्ण संचाची किंमत मोजून, आणि म्हणून त्यातला एवढा भाग बिनकामाचा राहावा ही गोष्ट त्यांना उघड अपहारासारखी वाटली. त्यांच्यासारख्यांच्या समाधानासाठी चित्राच्या दोन्ही कडा कापून संच काठोकाठ भरणाऱ्या तबकड्याही बाजारात होत्या. त्यांत सिनेमास्कोपच्या चित्राचे पाचांपैकी दोन वाटे सरळ गहाळ होतात. पती डावीकडे, पत्नी उजवीकडे, मध्ये दुरावा, अशी रचना दिग्दर्शकाने मोठ्या कौशल्याने केलेली असावी, आणि आमच्यापुढे मात्र मधली फुलदाणी संवाद म्हणते असे दृश्य यावे, हा प्रकार आम्ही अनेकदा सोसला आहे. 'कागज़ के फूल' हा 1959 चा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट, आणि व्ही. के. मूर्ती यांनी त्यात उजेडाने जी रिकामी जागा रंगवली तोच त्याचा प्राण. तो ज्यांनी कडा कापून पाहिला त्यांनी गुरुदत्तांबद्दल बोलू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. मेहुणे बोलतात.

परंतु डीव्हीडीची खरी मौज तिच्या राज्यव्यवस्थेत आहे. 1996 च्या अखेरीस ती जपानात विक्रीस आली, तोवर तिच्या मालकांनी पृथ्वीची वाटणी सुभ्यांत करून टाकली होती: पहिला सुभा अमेरिका व कॅनडाचा, दुसऱ्यात जपान आणि पश्चिम युरोप, आणि पाचव्यात रशिया, मंगोलिया व बराचसा आफ्रिका यांच्या पंक्तीला आपण. सहा सुभे जमिनीवर, सातवा राखून ठेवलेला, आणि आठवा खास विमाने व जहाजे यांच्यासाठी. एका सुभ्यातली तबकडी दुसऱ्या सुभ्यातल्या यंत्राने वाचू नये असा सक्त हुकूम होता. 1719 च्या सनदेने दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई वसूल करण्याचा हक्क ज्यांच्या पूर्वजांनी मिळवला, त्या आम्हांला अमेरिकेतल्या भाच्याने मोठ्या प्रेमाने आणलेली तबकडी स्वतःच्या दिवाणखान्यात लावता येऊ नये, हा काळाचा महिमा. भाचा परत गेला, तबकडी कपाटात राहिली, आणि पुढे दुकानदाराने रिमोटवर काही गुप्त आकडे दाबून आमचे यंत्र आठही सुभ्यांना खुले करून दिले तेव्हा कळले की एवढी जागतिक तटबंदी एका होतकरू पोराच्या अंगठ्याने ढासळते. उलट आपल्याकडच्या हिंदी चित्रपटांच्या तबकड्या बहुधा सर्व सुभ्यांना खुल्या असत. आपल्या नायकाला कोठेही जाऊन गाणे म्हणण्यास हरकत नव्हती. हरकत होती ती फक्त त्यांच्याकडून इकडे येणाऱ्यांना.

आणखी एक चमत्कार तज्ज्ञांनाच उमगावा असा. चित्रपट सेकंदाला 24 चित्रे या गतीने घेतलेला असतो आणि पाल पद्धतीची दूरचित्रवाणी 25 मागते, म्हणून त्या पद्धतीच्या तबकडीवर तो बहुधा किंचित वेगाने पळवतात. 150 मिनिटांचा चित्रपट 144 मिनिटांत संपतो. सहा मिनिटे वाचली याचा आनंद मानणाऱ्यांची आम्ही गणती करत नाही. मात्र आवाजही त्याच हिशेबाने चढतो, आणि चढतो तोही पुरता अर्धा सूर नव्हे, त्याहून थोडा कमी. आमच्या शेजारच्या पेटीवादकांनी एका जुन्या गाण्याला साथ करण्याचा मोठ्या उत्साहाने प्रयत्न केला, तेव्हा गायिकेचा षड्ज काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मध्ये, जेथे पेटीला पट्टीच नाही अशा ठिकाणी, लागलेला त्यांना आढळला. त्यांनी दोष आधी पेटी दुरुस्त करणाऱ्याला दिला, मग पावसाळी हवेला दिला, आणि अखेर गायिकेला दिला. यंत्रावर कोणाचा संशय गेला नाही.

परदेशी तबकड्यांवर चित्रपटाच्या जोडीने दिग्दर्शकाचे भाष्य असते, म्हणजे चित्रपट चालू असताना दिग्दर्शक स्वतः आरंभापासून अंतापर्यंत त्यावर बोलत राहतो. ही प्रथा 1984 मध्ये क्रायटेरियन या अमेरिकन प्रकाशनाने 'किंग काँग'च्या लेझर तबकडीवर सुरू केली, असे तिकडे अभिमानाने सांगतात. त्या वेळी बोलणारा दिग्दर्शक नसून रोनाल्ड हेवर नावाचा अभ्यासक होता. आमच्याकडे मूकपटाच्या काळात पडद्यावरील पाट्या प्रेक्षकांना मोठ्याने वाचून दाखवणारी माणसे थिएटरात असत, आणि ते मूकपट गेल्यावर तो हुद्दा आमच्या मावशीकडे वंशपरंपरेने आला, ही गोष्ट त्या अमेरिकनांना ठाऊक नसावी. मावशीचे भाष्य कोणत्याही प्रकाशनापेक्षा अधिक व्यासंगपूर्ण असते. ही नटी त्या नटाची कोण, तिचे लग्न कोणाशी मोडले, हे घर म्हणजे वस्तुतः कोणाचा बंगला, ही साडी मागच्या चित्रपटात कोणी नेसली होती, आणि "याच्याकडे नीट बघून ठेव, हा पुढे मरतो," एवढा सारा तपशील ती मूळ संवादांच्या वर, मूळ संवादांपेक्षा स्पष्ट उच्चारांत पुरवते. दिग्दर्शकाचे भाष्य एक कळ दाबून बंद करता येते, एवढाच काय तो पाश्चात्यांचा वरचष्मा.

ज्या एका बाबतीत तबकडीने मराठी माणसावर निर्विवाद उपकार केले ती बाब म्हणजे नाटक. नाटकाचे तबकडीकरण कलेच्या दृष्टीने अशास्त्रीय आहे, हे आम्ही मान्य करतो. कॅमेरे चालवणाऱ्याला संहिता ठाऊक नसते. विनोद डावीकडे होतो तेव्हा तो उजवीकडच्या पात्राचा ऐकण्याचा अभिनय दाखवत असतो, आणि चूक ध्यानात येऊन डावीकडे वळतो तोवर हशा उजवीकडे गेलेला असतो. पुढच्या रांगेतील खोकला संवादापेक्षा ठळक उमटतो. तरीही 'मोरूची मावशी'त विजय चव्हाण लुगडे सावरत येतात, तेव्हा घरातल्या सोफ्यावर बसलेली सहा माणसे त्या न दिसणाऱ्या प्रेक्षागृहाच्या हशात आपला हशा मिसळून देतात, आणि कोण कुठले हसले याचा पत्ता लागत नाही. अत्र्यांचे नाटक ज्या पिढीने रंगमंचावर पाहिलेले नाही तिला ते तोंडपाठ आहे, याचे श्रेय या अशास्त्रीय तबकडीला द्यावेच लागेल. न्यू जर्सीपासून दुबईपर्यंतच्या मराठी घरांत या तबकड्या चकलीभाजणीच्या आणि मेतकुटाच्या सोबतीने, एकाच पेटीतून गेल्या. त्यांना कोणत्याही सुभ्याने अडवले नाही.

आता निवाड्यांकडे वळतो. आमच्या दिवाणखान्यात सर्वांत लवकर जे बाद झाले ते अलीकडचे भव्य चित्रपट. त्यांचा आवाज सहा वाटांनी नोंदलेला असतो, त्यांपैकी संवाद बहुतांशी मधल्या वाटेने यायचे. आमच्या संचाला कर्णे दोन, म्हणून सहांचे दोन करताना संवाद दबतात आणि स्फोट मात्र शाबूत राहतात. परिणामी नायक-नायिका प्रेमाचे बोलू लागली की आवाज वाढवायचा आणि मोटार उडाली की तत्परतेने कमी करायचा, या चाकरीत तीन तास जातात, आणि कथा काय होती असे कोणी विचारल्यास रिमोटच्या कळांची स्थिती सांगता येते. याच कसोटीला 1937 चा 'कुंकू' उतरला तो किती डौलाने! ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत ठेवलेच नाही. घरातले, रस्त्यावरचे स्वाभाविक ध्वनी तेवढे ठेवले. म्हणून केशवराव दाते विमनस्क बसले असताना आमच्या स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी देतो, ती त्या प्रसंगात अशी काही मिसळून जाते की पाहुण्यांनी "त्या काळी कुकर होते का हो?" असे विचारावे. घरात पाहण्यासाठी याहून योग्य चित्रपट आम्हांस माहीत नाही.

'शोले'च्या बाबतीत तबकडीने घरात कायमची फूट पाडली. 1975 साली सेन्सॉरच्या हरकतीमुळे ठाकूरच्या पायाशी आलेल्या गब्बरला पोलीस येऊन ताब्यात घेतात असा शेवट करावा लागला. ज्यात ठाकूर त्याला स्वतःच संपवतो तो मूळ शेवट पुढे डीव्हीडीवर आला. म्हणजे एकाच मुकदम्याचे दोन निकाल, आणि दोन्ही कपाटात. आमच्या घरातील निवृत्त सरकारी मंडळी पहिल्याच्या बाजूची, कारण कायदा हाती घेणे त्यांना पेन्शनीच्या दृष्टीने धोक्याचे वाटते. मुले दुसऱ्याच्या बाजूची. आमचे स्वतःचे मत असे, की त्या चित्रपटात पोलीस वेळेवर येतात ही कल्पना अधिक धाडसाची होती.

दूरचित्रवाणी मालिका तबकडीवर पाहणे हा त्यांच्यावर थोडासा अन्यायच होय, कारण आठवड्याचे अंतर हा त्यांचा एक अवयव असतो. 1987-88 मध्ये रामानंद सागरांचे 'रामायण' रविवारी सकाळी येई, रस्ते ओस पडत, टीव्हीला हार घातले जात, आणि एका बाणाने धनुष्यातून निघून दुसऱ्या बाणाला आकाशात गाठेपर्यंत जो विलंब होई तो भक्तीने सोसला जाई. तीच 78 प्रकरणे तबकडीवर आली आणि रिमोटवर आठपट वेगाची कळ आली; आता लंकेचे युद्ध चहा उकळण्याच्या आत आटोपते. इंग्रजांच्या 'फॉल्टी टॉवर्स'ची गोष्ट उलटी. 1975 मध्ये सहा आणि 1979 मध्ये सहा असे बाराच भाग करून ती मंडळी थांबली, आणि म्हणून ती मालिका पळवावीशी कोणालाच वाटत नाही. याच्या शेजारी 'चार दिवस सासूचे' ठेवून पाहा. तीन हजारांहून अधिक भाग. एका तबकडीवर पाच धरले तरी सहाशे तबकड्या. आणि डीव्हीडीच्या खोक्याची जाडी 14 मिलिमीटर, म्हणजे फळीची लांबी साडेसत्तावीस फूट! पुण्यातल्या ज्या सदनिकांत सासवा आणि सुना नांदतात, त्यांतल्या कोणत्याही भिंतीवर ही सासू मावणार नाही.

2007 साली मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी 28 आणि डीव्हीडी 34 रुपयांना काढली तेव्हा वाण्याच्या यादीत साबणाखाली 'सामना' लिहिण्याचे दिवस आले होते. 2018 मध्ये त्या कंपनीच्या अवसायनाचा हुकूम झाला, भाड्याची दुकाने मोबाइलच्या काचा बदलू लागली, आणि कित्येक नव्या टीव्हींना तबकडीयंत्र जोडण्याचे जुने भोकही उरले नाही. आता मासिक वर्गणीत सारे काही मिळते म्हणतात. मिळते खरे, पण कालपर्यंत असलेला चित्रपट आज यादीत नाही, याची कैफियत ऐकून घेणारा कोणी नसतो. कपाटातली तबकडी एकदा आपली झाली की तिच्यावर कोणाची जप्ती येत नाही. अर्थात मागून नेणारे सोडून.

आणि म्हणून एक जाहीर विनंती. 'सिंहासन'ची आमची तबकडी एका स्नेह्यांनी दोन दिवसांच्या बोलीने नेली होती. 1979 चा जब्बार पटेलांचा चित्रपट. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, आणि निळू फुल्यांचा तो पत्रकार. दर निवडणुकीनंतर पाहावा, आणि दर वेळी त्यातल्या मंत्र्यांना नवे चेहरे लावून पाहावा, असा त्याच्यासारखा दुसरा नाही. खोके परत आले, ते अगदी वेळेवर आले. आत मात्र 'वजन उतरवण्याची योगासने, भाग दुसरा' निघाला. ज्यांच्याकडे 'सिंहासन' असेल त्यांनी ते कृपया आणून द्यावे. नावनिशी विचारली जाणार नाही, आणि येताना हवा असल्यास भाग दुसरा घेऊन जाता येईल.